नाव कोणी द्यायचं?

तालुक्याच्या शालेय स्पर्धेला पोरगं नेलं की टेबलामागचा माणूस त्याचं टायमिंग विचारत नाही. तो बोनाफाईड मागतो. मग आधार कार्ड, जन्मतारखेचा दाखला, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा प्रवेश अर्ज, वयोगट १४, १७ की १९. यातला एक कागद घरी राहिला तर चांगलं धावणारं पोरगं दिवसभर मांडवात बसून दुसऱ्यांच्या शर्यती बघतं. तालुका, जिल्हा, मग अमरावतीला विभाग, मग राज्य अशी ही शिडी. प्रत्येक पायरीवर धावण्याआधी कोणालातरी नाव द्यावं लागतं. शाळा देते, जिल्हा देतो, राज्य देतं. अगदी वरच्या पायरीवर, ऑलिम्पिकला, नाव देतो तो देश. तिथं खेळाडू स्वतः अर्ज करू शकत नाही. त्याच्या देशाची ऑलिम्पिक समिती अर्ज करते आणि तो फक्त धावतो.

माझी सगळी नोकरी अकोल्याकडच्या बार्शीटाकळीसारख्या गावात पीटी घेण्यात आणि असले अर्ज भरण्यात गेली. त्यामुळे निर्वासित खेळाडूंविषयी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यांच्या हालअपेष्टांच्या आधी मला त्यांचा अर्ज दिसला. घर सुटलं, देश सुटला, अशा माणसाच्या अर्जावर शिक्का कोण मारतो? एका पोराला मी ही गोष्ट सांगितली तर तो पटकन म्हणाला, ‘‘सर, देशच नाई त मंग थो पयला कोनाकून?’’ हे पुस्तक त्याच प्रश्नाभोवती फिरतं. जिद्दीच्या कथा वाचायला जे पुस्तक उघडतील त्यांना इथं बऱ्याच ठिकाणी कचेऱ्या, नियम आणि तारखा भेटतील. त्याला माझा इलाज नाही. या खेळाडूंची निम्मी शर्यत तिथंच झालेली आहे.

सुरुवात २०१२ च्या लंडनपासून करणं सोयीचं. गुओर मारियाल हा मॅरेथॉन धावणारा. जन्म आजच्या दक्षिण सुदानातला, राहायला अमेरिकेत. ऑलिम्पिकसाठी लागणारी वेळ त्याने काढली होती. पण दक्षिण सुदान देश झाला तो २०११ च्या जुलैत, आणि त्याची ऑलिम्पिक समिती अजून उभी राहायची होती. अमेरिकेचं नागरिकत्व त्याच्याकडे नव्हतं. आमच्याकडून धाव, असं सुदानने सांगून पाहिलं. ज्या राजवटीशी झालेल्या यादवीत घरची माणसं गेली तिचाच बनियन अंगात घालायला त्याने नकार दिला. शेवटी ऑलिम्पिकच्या पाच कड्यांच्या झेंड्याखाली त्याला धावू दिलं आणि तो ४७ वा आला. मॅरेथॉनमध्ये ४७ वा नंबर म्हणजे कोणाच्या लक्षात राहायचा नंबर नव्हे. पण एकट्या माणसासाठी नियम वाकवता येतो, हे त्या शर्यतीने दाखवलं.

मग २०१५ साली निर्वासितांचे लोंढे युरोपच्या दारात आले आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष थॉमस बाख यांनी ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत निर्वासितांच्या संघाची कल्पना मांडली. २०१६ ला रिओमध्ये या संघात १० जण होते: दक्षिण सुदानचे पाच धावपटू, काँगोचे दोन ज्युदोपटू, सीरियाचे दोन जलतरणपटू आणि इथिओपियाचा एक मॅरेथॉनपटू. टोकियोत २९ झाले, पॅरिसला ३७. संचलनात झेंडा ऑलिम्पिकचा, आणि सुवर्णपदक मिळालंच तर गीतही ऑलिम्पिकचंच. म्हणजे नाव देणारा सापडला. पण नाव दिल्यावर पळायचं कुठे, बूट कोणाचे, खायचं काय, हे प्रश्न तसेच राहतात आणि या पुस्तकाची बरीच पानं त्यांनीच घेतली आहेत.

दक्षिण सुदानचे ते पाचही जण केनियातल्या काकुमा छावणीतून आले. छावणी १९९२ ची, तुर्काना भागातली, रखरखीत. अकोल्याचा मे महिना ज्याने काढला त्याला काकुमाचं ऊन समजावून सांगावं लागत नाही. फरक इतकाच की आपला मे जूनमध्ये संपतो. केनियाची नावाजलेली धावपटू टेगला लोरूप हिच्या संस्थेने २०१५ मध्ये तिथं निवड चाचणी घेतली. कित्येक जण अनवाणी धावले. रोझ नथिके लोकोन्येन ही त्यांतली एक. ती अनवाणीच धावली आणि दुसरी आली. निवडलेल्यांना नैरोबीजवळच्या न्गाँगला नेलं, तिथली उंची आणि गारवा काकुमाच्या अगदी उलट. त्यांच्यातल्या जेम्स चिएंगजिएकची गोष्ट मला फार जवळची वाटते. तो उसन्या बुटांवर सराव करायचा, बूट मापाचे नसायचे, आणि पायाला दुखापती व्हायच्या. आमच्याकडे पहाटे महानच्या रस्त्याला भरतीची तयारी करणारी जी पोरं पोरी धावतात, त्यांच्यातही मोठ्या भावाचा बूट पुढे कापूस कोंबून घालणारा एखादा असतोच. अंगठ्याचं नख काळं पडलं की आठवडाभर सराव बंद. हे कोणत्याही भाषणात येत नाही, पण खेळाडू घडतो किंवा मोडतो तो इथं.

रिओत रोझ संघाचा झेंडा घेऊन पुढे चालली आणि तो फोटो जगभर छापला गेला. ८०० मीटरच्या प्राथमिक फेरीत तिने वेळ काढली २ मिनिटं १६.६४ सेकंद. कोणी लिहिलं ‘प्रेरणादायी’, कोणी लिहिलं ‘पदकापेक्षा मोठं’. मी म्हणतो, वेळ मंद होती. ते मंद म्हणण्यात तिचा अपमान नाही. अपमान आहे तो तिला धावपटू म्हणून न मोजण्यात. पाच वर्षांनी टोकियोत तिने २ मिनिटं ११.८७ सेकंद काढली. ८०० मीटरमध्ये जवळपास पाच सेकंद म्हणजे मागच्या रोझच्या पुढे तिसेक मीटर. ज्यांनी पोलीस भरतीच्या मुलींना ८०० मीटरसाठी तयार केलं आहे त्यांना ठाऊक आहे, एक सेकंद कमी करायला किती पहाटा लागतात. मला त्या झेंड्याच्या फोटोपेक्षा हे पाच सेकंद जास्त बोलके वाटतात, आणि त्यावर कुठे दोन ओळी सापडायला मला फार शोधावं लागलं.

न्गाँगच्या त्या केंद्राचं नुसतं कौतुकही या पुस्तकात नाही. दक्षिण सुदानचाच धावपटू डॉमिनिक लोबालू तिथंच तयार झाला, आणि २०१९ मध्ये जिनिव्हाची शर्यत जिंकून संघ सोडून निघून गेला. बक्षिसाचे पैसे हातात येत नाहीत, ही त्याची तक्रार होती. स्वित्झर्लंडमध्ये त्याने आश्रय मागितला, तिथं त्याला प्रशिक्षक मिळाला, आणि तीन वर्षांत तो स्टॉकहोमच्या डायमंड लीगमध्ये ३००० मीटर जिंकला. इतका चांगला धावणारा माणूस आणि नाव द्यायला देश नाही! २०२४ च्या जूनमध्ये रोमला तो स्वित्झर्लंडकडून १०,००० मीटरमध्ये युरोपचा विजेता झाला, कारण ॲथलेटिक्सच्या संघटनेने परवानगी दिली होती. दोनच महिन्यांनी पॅरिसला तो निर्वासितांच्या संघातून उतरला, कारण ऑलिम्पिकसाठी स्विस पासपोर्ट लागतो आणि तो त्याच्याकडे नव्हता. ५००० मीटरमध्ये त्याचं ब्राँझ एका सेकंदाच्या सातव्या हिश्शाने हुकलं. एकाच उन्हाळ्यात एकच माणूस दोन बनियनांत धावला आणि दोन्ही वेळा कागदोपत्री सगळं बरोबर होतं.

पॅरिसलाच निर्वासितांच्या संघाला पहिलं पदक मिळालं, ते मुष्टियुद्धात. आमच्या अकोल्यात बॉक्सिंगची मोठी आवड आहे, त्यामुळे हे प्रकरण लिहिताना माझा हात जरा मोकळा सुटला आहे, वाचकांनी चालवून घ्यावं. सिंडी न्गाम्बा कॅमेरूनची. ११ वर्षांची असताना इंग्लंडात बोल्टनला आली. पुढे कागदपत्रांचा घोळ झाला आणि एकदा इमिग्रेशनच्या कचेरीत हजेरी द्यायला गेली तिथूनच तिला उचलून कोंडून ठेवलं, परत पाठवण्यापर्यंत वेळ आली. सिंडी समलैंगिक आहे आणि कॅमेरूनमध्ये समलैंगिक संबंध हा गुन्हा आहे. त्या आधारावर तिला निर्वासिताचा दर्जा मिळाला. आता गंमत बघा. ब्रिटिश संघ शेफील्डला ज्या रिंगणात सराव करतो त्याच रिंगणात तीही सराव करायची. प्रशिक्षक तेच, पंचिंग बॅग तीच, सरावातल्या जोडीदारणीही त्याच. पण ब्रिटनच्या संघात तिचं नाव घालता येईना, कारण पासपोर्ट नाही. ७५ किलो गटात तिने ब्राँझ घेतलं आणि ते जमा झालं निर्वासितांच्या खात्यात. त्यानंतर पॅरालिम्पिकमध्ये तायक्वांदोत अफगाणिस्तानची झकिया खुदादादी हिने ब्राँझ घेतलं, तेही निर्वासितांच्या पॅरालिम्पिक संघाचं पहिलंच पदक. २०२१ ला काबूल पडलं तेव्हा तिला विमानातून बाहेर काढावं लागलं होतं.

इथवर वाचून कोणी विचारेल, हे सगळं तिकडचं, वऱ्हाडात बसून याच्याशी काय देणंघेणं? देणंघेणं आहे. अकोल्यातला सिंधी कॅम्प, कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांतून उभं राहिलेलं उल्हासनगर, कोल्हापूरजवळ वळिवड्याला आधी पोलंडचे निर्वासित राहून गेले आणि पुढे सिंधी बांधव वसले ते गांधीनगर, हे सगळं आपल्याच राज्यात आहे. आणि भारताचा सगळ्यात गाजलेला धावपटू निर्वासित होता, हे आपण सिनेमा पाहूनही विसरून जातो.

मिल्खा सिंग यांनी फाळणीत आई-वडील गमावले. दिल्लीत पुराना किल्ल्याच्या छावणीत राहिले. फौजेने तीनदा परत पाठवलं, चौथ्यांदा घेतलं, आणि ते सिकंदराबादच्या ईएमई केंद्रात गेले. (आमच्या स्टेशनावरून जाणारी अकोला-पूर्णा लाइन तेव्हा मीटरगेज होती आणि त्याच सिकंदराबादच्या दिशेला जायची. बार्शीटाकळीच्या जुन्या माणसांना सिकंदराबाद काही परकं नव्हतं.) तिथं क्रॉसकंट्रीत पहिल्या दहात येणाऱ्याला रोज जादा दूध मिळायचं. छावणीत भूक काढलेल्या पोराला ते दूध दिसलं. १९५८ ला कार्डिफमध्ये ४४० यार्डांचं सुवर्ण, त्याच वर्षी टोकियोच्या आशियाई स्पर्धेत दोन सुवर्णं, १९६० ला रोममध्ये ४०० मीटरला चौथा क्रमांक. लाहोरला जाऊन पाकिस्तानच्या अब्दुल खालिकला हरवलं ते त्याच साली. हॉकीतला केशव दत्त लाहोरचा. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताने ब्रिटनला ४-० हरवलं त्या संघात तो होता. १९३६ ला भारताकडून खेळलेला दारा त्याच लंडनमध्ये पाकिस्तानचा कप्तान होता. कालपर्यंत एका मैदानावरचे गडी, आणि दोन प्रवेश अर्ज.

पण मिल्खा सिंग आणि रोझ यांच्यात एक मोठा फरक आहे. सीमा ओलांडून आलेल्यांना आपल्या राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने नागरिक करून घेतलं. मिल्खा सिंग यांच्याकडे घर नव्हतं, पैसा नव्हता, पोटभर अन्न नव्हतं, पण त्यांचं नाव द्यायला देश होता आणि पगार द्यायला फौज होती. आजही बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे महार रेजिमेंटमधून ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोहोचतो तो याच वाटेने. खाशाबा जाधवांनाही १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. ते कोल्हापूरने, प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून उभे केले. पैशाची अडचण गाव निभावून नेतं. देशाची अडचण गावाला निभावता येत नाही.

इथं मेळघाटातून उठवून अकोट-तेल्हाऱ्याकडे वसवलेल्या कोरकू कुटुंबांची आठवण होणं साहजिक आहे. माझ्या एका सहकाऱ्याचा आग्रह होता की त्यांच्या मुलांवरही एक प्रकरण हवं. मी ते घेतलं नाही. त्यांची कुचंबणा खरी आहे, पण ते विस्थापित आहेत, निर्वासित नाहीत. तहसीलमधल्या सेतूत चार चकरा मारल्या तर अधिवासाचा दाखला त्यांना निघतो. दोन वेगळी दुःखं एका पिशवीत कोंबू नयेत.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाला मात्र या पुस्तकात जागा आहे, जरी तिथं कोणी निर्वासित नव्हतं. १९१४ साली वैद्य बंधूंनी काढलेल्या या संस्थेचं पथक १९३६ ला बर्लिनला गेलं आणि त्याने तिथं कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. त्याच बर्लिनमध्ये आपल्या हॉकी संघाने जर्मनीला ८-१ हरवलं, आणि अंतिम सामन्याआधी खोलीत बंद दाराआड काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढून त्याला सलाम केला. बाहेर मैदानात झेंडा इंग्रजांनी दिलेला. स्वतःच्या देशात राहूनही स्वतःच्या झेंड्याखाली खेळता न येणं आपल्या आजोबांच्या पिढीने अनुभवलेलं आहे. गुओर मारियालचा नकार म्हणूनच आपल्याला परका वाटू नये.

आता ज्यांचा देश पुढे कागदावर परत आला त्यांची गोष्ट, आणि ती क्रिकेटची असल्याने सगळ्यांना माहीत आहे. अफगाण पोरं क्रिकेट शिकली पेशावरजवळच्या छावण्यांत. कच्चा गढी छावणीतल्या ताज मलिकने संघ जमवायला सुरुवात केली तेव्हा लोक त्याला हसत. मोहम्मद नबी पेशावरलाच वाढला. पण १९९५ ला बोर्ड झालं, २००१ ला आयसीसीने नोंद घेतली आणि तिथून शिडी सुरू झाली: २००८ ला जर्सी बेटावर पाचव्या श्रेणीची स्पर्धा, २०१० ला टी-२० विश्वचषक, २०१८ ला बंगळुरूत पहिली कसोटी. ३० ऑक्टोबर २०२३ ला पुण्याजवळ गहुंज्याला त्यांनी श्रीलंकेला सात गडी राखून हरवलं, आणि आठवड्याने वानखेडेवर ऑस्ट्रेलियाच्या तोंडचं पाणी पळवलं. मॅक्सवेलच्या २०१ धावा आडव्या आल्या म्हणून, नाहीतर तो सामनाही त्यांचाच होता. पहिली नोंद झाल्यापासून २२ वर्षांत छावणीतला खेळ विश्वचषकात एवढ्या उंचीवर गेला. त्याच अफगाणिस्तानच्या महिला क्रिकेटपटू मात्र देश सोडून ऑस्ट्रेलियात आहेत, आणि त्यांचं बोर्ड त्यांचं नाव द्यायला तयार नाही. पुरुषांचा देश आहे, बायकांचा नाही, असा प्रकार.

शेवटचं प्रकरण विदर्भातलं आहे आणि मी त्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवला. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावला तिबेटी निर्वासितांची नॉरग्येलिंग ही वसाहत आहे, १९७२ पासूनची. हिवाळ्यात आपल्या शहरांतून स्वेटरची दुकानं लावणारे तिबेटी आपण दरवर्षी बघतो, भाव करतो, आणि ते राहतात कुठे हे विचारत नाही. त्यांच्या वसाहतींमधून फुटबॉल खेळला जातो, दलाई लामांच्या मातोश्रींच्या नावाने सुवर्णचषकाची स्पर्धा होते, आणि तिबेटचा म्हणून एक संघही आहे. फिफाच्या यादीत तो नाही. ३० जून २००१ ला कोपनहेगनमध्ये हा संघ ग्रीनलंडशी खेळला आणि १-४ असा हरला. ग्रीनलंडही फिफाच्या यादीत नाही. यादीबाहेरच्या दोघांनी आपसात सामना ठरवला, तरी तो होऊ नये म्हणून चीनने दडपण आणलंच. २०१७ ला तिबेटी मुलींचा संघ अमेरिकेत डॅलसच्या स्पर्धेला निघाला तेव्हा त्यांना व्हिसा नाकारला. २०१८ ला लंडनमध्ये, फिफाबाहेरच्या संघांच्या विश्वचषकात, पुरुषांचा संघ खेळला.

गोठणगावात जन्मलेल्या मुलाचा अर्ज भरायचा तर आधी त्याच्या आई-वडिलांच्या जन्मतारखा बघाव्या लागतात. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला तिबेटी कायद्याने जन्मतः नागरिक आहे, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं. त्यानंतर जन्मलेल्याचं आई किंवा वडील नागरिक आहेत की नाहीत यावर ठरतं. नागरिक असेल तर तो गोंदिया जिल्ह्याकडून, विदर्भाकडून, भारताकडून खेळू शकतो, वाट मोकळी आहे. नसेल तर निर्वासितांच्या ऑलिम्पिक संघाकडे बघावं, असं वाटतं. पण त्या संघासाठी निर्वासित असल्याला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायोगाचा दुजोरा लागतो. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. उच्चायोगाचं दिल्लीतलं कार्यालय अफगाण, म्यानमारच्या लोकांची नोंद करतं. तिबेटी आणि श्रीलंकेचे तमिळ यांचं सगळं भारत सरकार स्वतः बघतं. गोठणगावच्या पोराकडे सरकारने दिलेलं नोंदणी प्रमाणपत्र असतं, ते त्याला नेमाने नवीन करून घ्यावं लागतं, पण ऑलिम्पिकच्या टेबलावर ते प्रमाणपत्र एकटं पुरत नाही. रिओ, टोकियो आणि पॅरिस अशा तिन्ही याद्यांत एकही तिबेटी नाव नाही. ही अडचण सोडवायला कोणाला कायदा बदलावा लागणार नाही. उच्चायोग, ऑलिम्पिक समिती आणि आपलं गृहखातं यांनी एवढंच ठरवायचं आहे की भारत सरकारची नोंद दुजोरा म्हणून धरायची की नाही. तसा अर्जाचा एक मसुदा मी त्या प्रकरणाच्या शेवटी जोडला आहे, पीटीच्या मास्तराला जमेल तसा. तो कोणाला वापरायचा असेल तर खुशाल वापरावा.